आवाज कुठं थांबला?

मुळा-मुठा आणि भीमा या दोन नद्यांच्या मधल्या पट्ट्याला दौंड तालुक्यात राहूबेट म्हणतात. राहू हे त्यातलं मोठं गाव. भीमा ओलांडली की शिरूर तालुका लागतो. सगळा ऊसपट्टा, हंगामात गुऱ्हाळांची चुलवाणं पेटलेली आणि रस्त्याला उसाच्या ट्रॉल्या लागलेल्या. या मुलखाला आवाजाचं वेड आहे. सप्ताहातलं कीर्तन, संध्याकाळचा हरिपाठ, यात्रेतला तमाशा, वरातीतली बेंजो पार्टी, गणेश मंडळापुढचा ऑर्केस्ट्रा. तुकोबांची पालखी पंढरीच्या वाटेवर याच तालुक्यात यवतला आणि वरवंडला मुक्काम करते, तेव्हा दिंड्यादिंड्यांचे माईक एकाच वेळी सुरू असतात. या प्रत्येक आवाजामागं एक लोखंडी पेटी असते. गावात तिला मशीन म्हणतात, दुकानात ॲम्प्लिफायर. आता काही घरांत मोबाइलवर बघून गिटार शिकणारी पोरं आहेत, त्यांच्या खोलीत दहा-वीस वॉटचा छोटा गिटार ॲम्प असतो. भजनाची मशीन आणि हा ॲम्प यांचं आतलं काम जवळपास एकच, आणि दोन्ही बिघडण्याची कारणंही बरीचशी एकच.

ॲम्प गप्प झाला की घरातलं निदान ठरलेलं असतं : ‘आयसी गेली.’ आयसी खरोखर जाते, पण फार कमी वेळा. घरात गप्प झालेल्या ॲम्पमागं बहुतेकदा तुटलेली केबल, सैल झालेला जॅक, सुटलेला सोल्डरचा टाका, उडालेला फ्यूज किंवा घरात येणारी वीजच असते. दुरुस्तीला लागणारा भाग पुष्कळदा चहाच्या किमतीत येतो. अवघड असतं ते तो भाग शोधणं. त्यासाठी एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारावा लागतो : आवाज कुठपर्यंत पोचला आणि कुठं थांबला?

गिटारची तार हलते. तिच्याखालच्या पिकअपमध्ये लोहचुंबक आणि त्याभोवती बारीक तारेचे हजारो वेढे असतात. तार पोलादी असल्यामुळं तिच्या हलण्यानं वेढ्यांत मिलिव्होल्टमध्ये मोजला जाणारा सिग्नल तयार होतो. तो केबलमधून ॲम्पच्या जॅकमध्ये जातो, तिथून प्रीॲम्पमध्ये मोठा होतो, व्हॉल्यूम आणि बास-ट्रेबलच्या कंट्रोलमधून फिरतो, मग पॉवर स्टेजमध्ये त्याला ताकद मिळते आणि शेवटी तो स्पीकरची कॉइल हलवतो. वरातीतल्या बेंजोचंही असंच चालतं. हे वाद्य मुळात जपानी आहे; नागोयाच्या गोरो मोरिता यांनी १९१२ मध्ये ‘ताइशोगोतो’ बनवलं, त्याचाच भारतीय अवतार म्हणजे बुलबुल तरंग. महाराष्ट्रातल्या बेंजो पार्ट्यांनी त्याला पिकअप लावला आणि भोंग्यावर चढवलं. म्हणून बेंजोची मशीन दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीला गिटारचा ॲम्प परका वाटत नाही.

शोध बाहेरून सुरू करावा. पेटी उघडण्याची घाई नडते. आधी केबल बदलून बघायची. केबल मधेच क्वचित तुटते. ती तुटते पिनेच्या मानेशी, जिथं ती रोज वाकते. बाहेरून रबर अखंड दिसतं आणि आतली जाळी तुटलेली असते. दुसरी केबल नसेल तर आहे तीच ॲम्पला लावायची, गिटारचं टोक मोकळं सोडायचं, व्हॉल्यूम अगदी कमी ठेवायचा आणि मोकळ्या पिनेच्या टोकाला बोट लावायचं. स्पीकरमधून ‘घुर्र’ आलं तर जॅकपासून स्पीकरपर्यंतची सगळी वाट चालू आहे, दोष गिटारमध्ये. घुर्र आलं नाही तर केबल किंवा ॲम्प. ही परीक्षा करण्याआधी घराचं अर्थिंग नीट असल्याची खात्री हवी. ती का, ते पुढं येईल.

छोट्या ॲम्पमध्ये एक जागा हमखास फसवते : हेडफोनचं भोक. हेडफोन लावला की आतली एक बारीक पट्टी उचलली जाते आणि स्पीकर तुटतो. हेडफोन काढला की पट्टी परत टेकते. ती पट्टी काळी पडली किंवा सैल झाली की हेडफोन नसतानाही स्पीकर तुटलेलाच राहतो. ॲम्पचा दिवा लागतो, कंट्रोल फिरतात, आवाज मात्र शून्य. हेडफोनची पिन आठ-दहा वेळा आत-बाहेर केली आणि मधेच आवाज आला, तर चोर सापडला. मागच्या बाजूला सेंड आणि रिटर्न अशी दोन भोकं असतील तर त्यांतही हीच पट्टी असते. सेंडमधून रिटर्नमध्ये एक छोटी केबल टाकली आणि ॲम्प बोलायला लागला, तर रिटर्नची पट्टीच दोषी. याच भोकांनी ॲम्पचे दोन तुकडेही पाडता येतात. गिटार थेट रिटर्नमध्ये लावायची. हलका का होईना आवाज आला तर पॉवर स्टेज आणि स्पीकर शाबूत, बिघाड पुढच्या प्रीॲम्पमध्ये. स्क्रू ड्रायव्हरला हात न लावता अर्धी पेटी निर्दोष ठरली.

आता विजेकडं वळू, कारण राहूसारख्या गावात ॲम्पचं अर्धं दुखणं इथं असतं.

घरात यायला हवेत २३० व्होल्ट. नियमानं त्यात सहा टक्के इकडे-तिकडे चालतं, म्हणजे साधारण २१६ ते २४४. ऊसपट्ट्यातल्या डीपीवर, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवर, भार चढला की आकडा खाली येतो, आणि वाडीवस्तीवर लांबून तार ओढलेली असेल तर आणखी खाली. समजा, संध्याकाळी घरात १८० व्होल्टच येतात. साध्या ट्रान्सफॉर्मरच्या ॲम्पमध्ये आतला दाबही त्याच प्रमाणात उतरतो, आणि ताकद तर वर्गाच्या प्रमाणात उतरते : २० वॉटचा ॲम्प १२ वॉटवर येतो. व्हॉल्यूम नेहमीइतकाच ठेवला की आवाज फाटतो. मग दुकानातला संवाद काहीसा असा चालतो :

‘काका, मशीन फाटती हो.’

‘सारखीच फाटती का संध्याकाळीच?’

‘संध्याकाळीच. पहाटं काकड्याला एकदम साफ वाजती.’

‘मग मशीन घरी ने, आन् आधी व्होल्टेज बघ.’

हे ‘कधी’ विचारणं चांगल्या मिस्त्रीची पहिली खूण. कायम आहे की मधूनमधून, थंड असताना की तापल्यावर, मोठ्या आवाजाला की लहान आवाजालाही. या तीन उत्तरांत बिघाडाची जागा निम्मी सापडते. तापल्यावर येणारा बिघाड टाक्यात किंवा ट्रान्झिस्टरमध्ये असतो. फक्त मोठ्या आवाजाला येणारा बिघाड वीजपुरवठ्यात, स्पीकरमध्ये किंवा एखाद्या खिळखिळ्या जोडात.

कमी दाबापेक्षा वाईट म्हणजे डीपीचा न्यूट्रल तुटणं. तसं झालं की दोन फेजांमधला ताण घरांवर विभागला जातो. एका घरात दिवे मिणमिणतात आणि शेजारच्या घरात तीनशे-साडेतीनशे व्होल्ट घुसतात. त्या रात्री टीव्ही, सेटटॉप बॉक्स, मोबाइलचे चार्जर आणि ॲम्प एकदम जातात. नशीब चांगलं असेल तर फक्त फ्यूज उडतो. इथं सगळ्यात घातक सवय आडवी येते : फ्यूजच्या जागी तांब्याची तार. पाचशे मिलिॲम्पिअरचा फ्यूज उडाला, मिळाला नाही, म्हणून वायरमधला एक केस गुंडाळला. पुढच्या वेळी तो केस जळत नाही, ट्रान्सफॉर्मर जळतो. फ्यूजची काच स्वच्छ असून आतली तार फक्त तुटलेली दिसली, तर तो थकून गेलाय, एकदा बदलून बघायला हरकत नाही. काच आतून काळी-चंदेरी झाली असेल तर आत शॉर्ट आहे; नवा फ्यूज लावून बटण दाबणं म्हणजे नवा फ्यूज वाया घालवणं.

जनरेटरची गोष्ट आणखी वेगळी. तमाशाचे फड स्वतःचा जनरेटर घेऊन फिरतात. नारायणगावात ठरलेल्या सुपाऱ्यांवर चैत्र-वैशाखात गावोगावच्या यात्रा उजळतात. राहूपासून जवळच असलेल्या चौफुल्याच्या कलाकेंद्रांत बारमाही लावणी चालते. ढोलकीच्या थापेला दिवे लुकलुकतात तिथं ऑर्गन, गिटार आणि माईकच्या मशीनला किती धक्के बसत असतील याचा अंदाज करता येतो. ज्यांचं पोट आवाजावर आहे ते साउंडवाले म्हणूनच स्टॅबिलायझर आणि जास्तीचे फ्यूज आधी गाडीत टाकतात, बाकीचं सामान मग.

आवाज येतो पण सोबत गुणगुण येते, ही दुसरी मोठी तक्रार. या गुणगुणीला ओळख असते. आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ. अर्थिंग नसलं, केबलची जाळी तुटली किंवा मिक्सर एका बोर्डावर आणि ॲम्प दुसऱ्या बोर्डावर लावून अर्थिंगचा फेरा तयार झाला, की हीच ५० ची जाड, खालच्या स्वरातली गुणगुण येते. ॲम्पमधले डायोड विजेच्या दोन्ही अर्ध्या लाटा वापरतात, त्यामुळं फिल्टर कपॅसिटर सुकला की १०० हर्ट्झची, म्हणजे बरोबर एक सप्तक वरची गुणगुण येते. पेटीवर स्वर लावणाऱ्या भजन्याला हा फरक मीटरशिवाय कळतो. व्हॉल्यूम शून्यावर आणूनही गुणगुण तशीच राहिली तर ती व्हॉल्यूमच्या मागं, पॉवरच्या बाजूला आहे. शून्यावर गेली तर ती पुढून येतेय. आणि गिटार हातात धरून गोल फिरल्यावर गुणगुण कमी-जास्त होत असेल तर काहीच बिघडलेलं नाही; सिंगल कॉइल पिकअप खोलीतला पंख्याचा रेग्युलेटर, एलईडी दिवा आणि चार्जर यांचा गोंगाट ओढतोय. हाच त्रास मारायला गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये दोन उलट्या वेढ्यांचा हंबकर पिकअप तयार केला.

कंट्रोल फिरवताना होणारी खरखर बहुधा धुळीची. गुऱ्हाळ जवळ असेल तर धुळीत काजळी मिसळते आणि थर चिकट होतो. बटणाच्या आतल्या कार्बनच्या पट्टीवर तो बसतो. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातला कॉन्टॅक्ट क्लीनर दोन थेंब आत सोडून बटण दहा-वीस वेळा फिरवलं की काम होतं. खोबरेल किंवा रॉकेल घालू नये. त्या दिवशी खरखर जाते आणि महिन्यात दुप्पट धूळ धरते. साफ करूनही खरखर राहिली तर आधीच्या टप्प्यातला कपॅसिटर गळतोय, हे समजावं.

पेटी उघडायची वेळ आलीच तर प्लग भिंतीतून काढून ठेवायचा आणि काही मिनिटं थांबायचं. मोठ्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते. साध्या ट्रान्सफॉर्मरवर चालणाऱ्या ट्रान्झिस्टरच्या छोट्या ॲम्पमध्ये ती वीस-तीस व्होल्टची, फार तर दचकवते. व्हॉल्व्हच्या ॲम्पमध्ये मात्र तीनशे ते पाचशे व्होल्ट असतात, आणि प्लग काढल्यावरही ते जीव घेऊ शकतात. ज्याला तो साठा रेझिस्टरनं उतरवता येत नाही त्यानं व्हॉल्व्हची पेटी उघडू नये. शिवाय व्हॉल्व्हचा ॲम्प स्पीकर काढून कधीही चालवू नये. भार नसला की त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो.

उघडल्यावर आधी नाक आणि डोळे वापरायचे. जळकट वास, काळवंडलेला रेझिस्टर, डोकं फुगलेला कपॅसिटर, मुंग्यांचं वारूळ, पालीची अंडी, उंदरानं कुरतडलेली वायर. ग्रामीण भागातल्या मशीनमध्ये हे सगळं निघतं. कपॅसिटर उष्णतेनं मरतो : तापमान दहा अंशांनी उतरलं तर त्याचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, चढलं तर निम्मं. पत्र्याखाली ठेवलेली मशीन सप्ताहाचे सात दिवस चालू राहिली की हिशोब लागतो.

मग टाके. हे जरा निवांत बघण्यासारखं आहे. बोर्ड उलटा करून उजेडात धरला की चांगला टाका चकचकीत आणि बाजूंनी उतरता दिसतो. सुटलेल्या टाक्यात पिनेभोवती केसाएवढी एक काळी गोल रेघ असते. नुसत्या डोळ्याला ती सुटते; मोबाइलचा कॅमेरा झूम केला की स्पष्ट दिसते. पिन आणि कथील एकमेकांना टेकलेले असतात, जोडलेले नसतात. थंडीत टेकतात, तापल्यावर सुटतात, स्पीकरच्या हादऱ्यानं पुन्हा टेकतात. गिटार ॲम्पमध्ये स्पीकर आणि बोर्ड एकाच खोक्यात असल्यामुळं हा रोग इथं जास्त. जॅकच्या पिना, कंट्रोलच्या पिना, ट्रान्सफॉर्मरच्या वायरी आणि पॉवर आयसीचे पाय या चार जागा आधी बघायच्या. संशय पक्का करायला ॲम्प चालू ठेवून बांबूच्या वाळलेल्या काडीनं एकेक भाग हळूच ठोकतात. ज्या भागावर ‘कर्र’ होतं तिथं टाका मारायचा. काडी बांबूची हवी, लोखंडाचा पेचकस चालणार नाही. टाका मारताना जुनं कथील थोडं काढून, पेस्ट लावून, नवं सोडायचं. जुन्यावर नुसतं गरम सोल्डरिंग आयर्न टेकवून केलेली दुरुस्ती टिकत नाही.

आणि मग सिरीज बोर्ड. भारतातल्या कुठल्याही रेडिओ-टीव्ही मिस्त्रीच्या टेबलाशेजारी तो असतो : एक होल्डर, त्यात शंभर किंवा साठ वॉटचा जुना तारेचा बल्ब, आणि त्याच्याच ओळीत एक सॉकेट. दुरुस्त केलेली मशीन भिंतीला न लावता या सॉकेटला लावायची. बटण दाबल्यावर बल्ब क्षणभर लखकन पेटला आणि मंदावला, तर मशीन ठीक. कपॅसिटर भरले आणि भार उतरला. बल्ब भडक पेटूनच राहिला तर आत शॉर्ट आहे, पण सगळी वीज बल्ब खातोय म्हणून नवे घातलेले ट्रान्झिस्टर वाचले. शंभराच्या बल्बनं हजारोंचं सामान वाचवणारं याच्याइतकं सोपं साधन दुसरं नाही. एलईडी इथं चालत नाही, कारण तारेचा बल्ब तापला की त्याचा रोध वाढतो आणि तोच रोध इथं कामाला येतो. म्हणून जाणते मिस्त्री जुने बल्ब जपून ठेवतात.

पॉवर स्टेज बोर्डावर ठीक दिसली तरी स्पीकर लगेच जोडायचा नाही. आउटपुटवर मीटर लावून डीसी बघायचा. काही मिलिव्होल्ट असेल तर चांगलं, दहा-वीस व्होल्ट असेल तर एक ट्रान्झिस्टर शॉर्ट आहे आणि तो स्पीकरची कॉइल जाळेल. (ज्या ॲम्पमध्ये आउटपुटला मोठा कपॅसिटर असतो तिथं ही मोजणी त्या कपॅसिटरनंतर करायची.) स्पीकरची परीक्षा त्याहून सोपी. दोन्ही वायरी सोडवून दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवायचा. ‘टक्’ असा आवाज आला आणि कागद पुढंमागं झाला तर कॉइल जिवंत. मीटरवर आठ ओहमचा स्पीकर साधारण सहा दाखवतो, आणि ते बरोबरच आहे. कागद दोन्ही अंगठ्यांनी सारखा दाबून आत-बाहेर करताना घासल्यासारखं लागलं तर कॉइल तिरकी झाली आहे. ती घरी सरळ होत नाही.

काही वेळा काहीही बिघडलेलं नसतं. पोरगं गिटार घेऊन देवळातल्या मशीनच्या माईकच्या भोकात लावतं. आवाज मरतुकडा, बोथट येतो आणि मशीन खराब ठरते. माईकचं इनपुट काही हजार ओहमचं असतं, गिटारच्या पिकअपला दहा लाख ओहमच्या आसपास हवं असतं. कमी रोधाच्या इनपुटवर पिकअप दबतो, वरचे स्वर आधी जातात. मधे डीआय बॉक्स किंवा बफर असलेला पेडल टाकला की तीच मशीन गिटार नीट वाजवते. याच मशीनच्या मागं ४, ८, १६ ओहम आणि १०० व्होल्ट अशा खुणा असतात. १०० व्होल्टची जागा लांबच्या भोंग्यांसाठी, ट्रान्सफॉर्मर लावलेल्या; तिथं गिटारचा आठ ओहमचा स्पीकर थेट जोडला तर तो आणि मशीन, दोघांनाही धोका. आणि दिंडीत बारा व्होल्टच्या बॅटरीवर मशीन चालवताना लाल-काळी वायर उलटी लागली तर एका सेकंदात काम तमाम. पालखीच्या दिवसांत गडबडीत हे घडतं. वायरींवर चिकटपट्टीनं अधिक-उणे लिहून ठेवलं की घडत नाही.

अर्थिंगबद्दल मात्र कुणीही ‘चालतंय’ म्हणू नये. इलेक्ट्रिक गिटारच्या तारा केबलच्या जाळीशी, म्हणजे ॲम्पच्या पत्र्याशी जोडलेल्या असतात. वाजवणारा सतत त्या पत्र्याला हात लावून उभा असल्यासारखा असतो. पत्र्यावर वीज उतरली आणि समोरचा माईक दुसऱ्या मशीनचा असला, की ओठ माईकला लागताच वीज शरीरातून जाते. ३ मे १९७२ रोजी वेल्समधल्या स्वान्सी इथं ‘स्टोन द क्रोज’ या बँडचा गिटारवादक लेस्ली हार्वी रंगमंचावर असाच गेला. त्याच्या हातात गिटार होती आणि माईकचं अर्थिंग नव्हतं. ‘यार्डबर्ड्स’चा गायक कीथ रेल्फ मे १९७६ मध्ये स्वतःच्या घरात, नीट अर्थिंग नसलेली गिटार वाजवताना दगावला. हे घरात घडलं, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. तीन पिनेचा प्लग दोन पिनेच्या बोर्डात बसत नाही म्हणून जाड पिन कापून टाकलेली पुष्कळ घरांत दिसते. गुणगुण जाते म्हणूनही काही जण ती काढतात. ती पिन परत लावणं ही ॲम्पच्या दुरुस्तीतली पहिली दुरुस्ती. मीठ-कोळशाचा खड्डा पावसाळ्यानंतर कोरडा पडू न देणं ही दुसरी, आणि मीटरशेजारी तीस मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी बसवणं ही तिसरी. गिटारला हात लावल्यावर मुंग्या आल्या तर वाजवणं तिथंच थांबवावं.

या सगळ्या खटपटीला मोठा वारसा आहे. ज्यांच्या नावाचे ॲम्प जगभर विकले जातात ते लिओ फेंडर मुळात रेडिओ दुरुस्त करणारे. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनमध्ये १९३८ मध्ये त्यांनी रेडिओ दुरुस्तीचं दुकान काढलं. वाजवणारे लोक बिघडलेले ॲम्प घेऊन येत. काय तुटतं आणि का तुटतं हे बघत बघत त्यांनी स्वतःचे ॲम्प बनवायला घेतले आणि १९४६ मध्ये फेंडर कंपनी उभी राहिली. त्यांच्याच ‘बासमन’ ॲम्पची मांडणी समोर ठेवून लंडनमध्ये जिम मार्शल यांच्या दुकानात पहिला मार्शल ॲम्प तयार झाला. मार्शल ढोल-ड्रमचे शिक्षक. ॲम्पवर काम करणारे केन ब्रान त्यांच्या दुकानातले दुरुस्तीवाले होते. दुरुस्तीचं टेबल हीच या धंद्याची प्रयोगशाळा.

बिघाडानं संगीतालाही दिलं आहे. मार्च १९५१ मध्ये आइक टर्नर यांची मंडळी मेम्फिसला ‘रॉकेट ८८’ ध्वनिमुद्रित करायला निघाली, तेव्हा वाटेत गिटारवादक विली किझार्टच्या ॲम्पचा स्पीकर खराब झाला. तो फाटका कागदी शंकू कागद कोंबून कसाबसा चालवला गेला, आणि जो घरघरता आवाज निघाला तो तसाच तबकडीवर राहिला. पुढं लिंक रे आणि डेव्ह डेव्हिस या गिटारवादकांनी तसा आवाज यावा म्हणून स्पीकरचा कागद मुद्दाम भोसकला आणि कापला. हिंदी चित्रपटांत राहुल देव बर्मन यांच्या वाद्यवृंदानं १९७० च्या दशकात इलेक्ट्रिक गिटार घराघरांत नेली, तोवर असा आवाज देणारी पेडल बाजारात आलेली होती. म्हणून ‘फाटतोय’ अशी तक्रार आली की मिस्त्रीनं एकदा विचारावं : गेनचं बटण किती वर आहे? गिटार ॲम्पमध्ये फाटणं हे काही वेळा मागून घेतलेलं असतं.

भाग आणायला राहूकरांना पुण्यातली तपकीर गल्ली जवळची. बुधवार पेठेतल्या या गल्लीत रेझिस्टरपासून ट्रान्सफॉर्मरपर्यंत सगळं सुटं मिळतं. जाताना जुना भाग सोबत न्यावा. कपॅसिटर घेताना मायक्रोफॅरड तेवढाच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त आणि तापमान १०५ अंशांचं मागावं. पॉवर ट्रान्झिस्टर आणि आयसी घेताना सावध असावं. ‘टूएन३०५५’सारख्या वर्षानुवर्षं खपणाऱ्या ट्रान्झिस्टरचे नकली नग बाजारात फार, आणि ते वजनाला हलके लागतात. नवा ट्रान्झिस्टर बसवताना खालचा अभ्रकाचा तुकडा आणि पांढरी पेस्ट विसरली तर तो पहिल्याच कार्यक्रमात जातो.

बेंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स ही सरकारी कंपनी एके काळी रेडिओचे व्हॉल्व्ह आणि ट्रान्झिस्टर देशातच बनवत होती, आणि तेव्हाचे मिस्त्री एकेका भागाचा स्वभाव ओळखत. आजच्या ॲम्पमध्ये तांदळाच्या कणीएवढे भाग असतात, काहींवर खूण नसते, आणि कंपनी नकाशा देत नाही. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानं २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला त्यासाठी पोर्टल सुरू केलं. त्याचा खरा उपयोग यवत-केडगावच्या दुकानातल्या माणसाला व्हायला हवा, आणि तो तेव्हाच होईल जेव्हा ॲम्पचा नकाशा त्याच्या मोबाइलवर सहज उघडेल. आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा अभ्यासक्रम आहे. तो शिकून बाहेर पडणाऱ्या पोरांना पहिली दोन वर्षं अशा दुकानात बसायला मिळालं, तर पुस्तकात नसलेलं पुष्कळ काही त्यांच्या हाताला लागेल.

घरच्या माणसानं किती करावं, याला सरळ उत्तर आहे. केबल, जॅक, हेडफोनचं भोक, फ्यूज, कंट्रोलची साफसफाई, टाके आणि स्पीकरची परीक्षा घरी होऊ शकते. जळका ट्रान्सफॉर्मर, आउटपुटवर डीसी, स्विचिंग पद्धतीचा पॉवर सप्लाय आणि कुठलाही व्हॉल्व्ह ॲम्प जाणत्याकडं न्यावा. नेताना काय केलं, कधी बिघडतं आणि कुठला भाग बदलला हे कागदावर लिहून पेटीला चिकटवावं. मिस्त्रीचा तास वाचतो आणि गिऱ्हाइकाचे पैसे. दुरुस्त होऊन आल्यावर मध्यम आवाजात तासभर वाजवावा, मधेच प्लग काढून हीटसिंकला हात लावून बघावा. हात टेकवत नसेल इतका तापला असेल तर कार्यक्रमाला न नेता त्याच दिवशी परत टेबलावर ठेवावा.